गोलसम्राज्ञी

फ्लेक्स छापून आला आणि नीलिमाने फोन उपडा करून ठेवला.

वसुंधराताईंनी त्याचा फोटो सकाळीच ऑकलंडच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्या कोपऱ्यात ट्यूलिपची फुलं, मधोमध मारिटचा लग्नातला नऊवारीतला फोटो आणि त्याखाली लाल, जाड अक्षरांत: 'गोलसम्राज्ञी सौ. मारिट ऋतुराज धुमाळ यांचा जाहीर सत्कार. येत्या शनिवारी दुपारी, हेन्डरसन.' दुपारच्या जेवणाची वेळ होईतो निम्म्या वेस्ट ऑकलंडने त्याखाली हात जोडले होते.

"गोलसम्राज्ञी," काशिनाथरावांनी चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचलं. "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"मला काय माहीत? तुम्ही आधी ती अळूची पानं पुसून द्या," नीलिमा म्हणाली.

तिला चांगलं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ती दोघं नवरा-बायको पुण्याहून लेकाकडे कायमची राहायला आली, तेव्हा इथल्या भर उन्हाळ्यातल्या संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या वेळी, एका बाईने तिला विचारलं होतं, "सून काय करते?" नीलिमा म्हणाली, फिजिओथेरपिस्ट आहे, पूर्वी हॉलंडकडून हॉकी खेळायची. "म्हणजे गोल वगैरे?" बाईने विचारलं. "हो, वगैरे," नीलिमा म्हणाली आणि तिळगूळ पुढे केला. त्या 'वगैरे'ला पुढे पाय फुटले. गुढीपाडव्यापर्यंत मारिटने कुठल्याशा फायनलमध्ये एक गोल केला होता. गणपतीत त्याचे तीन झाले. नीलिमाने तोंडाने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. समोरच्या बायका गोल वाढवत होत्या, आणि मध्ये शिट्टी मारायला ती काही पंच नव्हती.

खरे गोल किती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मारिट स्वतःहून त्या विषयावर बोलत नसे. न्यूझीलंडला आल्यापासून तिने स्टिक हातात धरलेली कुणी पाहिली नव्हती. ऋतुराजची आणि तिची ओळख त्याच्या फार्मसीच्या काउंटरवर झाली, ती मुरगळलेल्या घोट्यासाठी गोळ्या घ्यायला आली होती. आणि ऋतुराजचं खेळाचं ज्ञान चेंडू गोल असतो एवढ्यावर संपत होतं. राहता राहिले काशिनाथराव. ते तरुणपणी खडकीला कारखान्याच्या संघात लेफ्ट-इन, म्हणजे आघाडीला, खेळलेले. त्यांना कळायला हवं होतं. पण गवत काढून प्लॅस्टिकची मैदानं आणली आणि आपलं हॉकी बुडवलं, ते या युरोपातल्या लोकांनी, असा त्यांचा पक्का ग्रह होता. सून म्हणून मारिटवर त्यांची माया होती. पण तिची एकही मॅच त्यांनी तत्त्व म्हणून यूट्यूबवर पाहिली नव्हती.

नीलिमाला सुनेच्या कारकिर्दीचा एकच पुरावा माहीत होता, तो म्हणजे दोन दात. लग्नानंतर पहिल्यांदा नीलिमा इथे आली होती, तेव्हा सकाळी बाथरूममध्ये पाण्याच्या पेल्यात पुढचे दोन दात दिसले आणि तिने दार लावून घेऊन ऋतुराजला हळूच विचारलं होतं, "बाळा, तू हिचं वय नीट बघितलं होतंस ना?"

रविवारच्या जेवणाला नीलिमाची मुलगी मुग्धा हॅमिल्टनहून आली होती, आपल्या लेकीला घेऊन. किंग्ज बर्थडेचा लाँग वीकेंड, त्यामुळे सोमवारी सुट्टी. जावई अनिरुद्ध दूध पावडरच्या कारखान्यात शिफ्टला, म्हणून तो आला नाही. बाहेर पाऊस, आत अळूवडीचा वास. पण चौदा वर्षांची ईशा तोंड पाडून बसली होती, आणि वडीला हात लावत नव्हती. तिथेच नीलिमाला कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

"सांग ना आजीला," मुग्धा म्हणाली. "माझ्यावरच चिडून काय उपयोग?"

"आय ॲम क्विटिंग हॉकी," ईशा ताटात बघत म्हणाली.

"शाळेच्या संघात सेंटर फॉरवर्ड होती," मुग्धाने उरलेलं पुरवलं. "कोचने आता तिला मागे टाकलंय. बचावात. आणि पेनल्टी कॉर्नर झाला की हिने पळत जायचं, बॉल मारणाऱ्या मुलीच्या अंगावर."

"फर्स्ट रनर," ईशा म्हणाली. "यू गेट दॅट व्हेन यू सक, आजोबा."

"बचावात?" काशिनाथरावांचा घास हातात राहिला. "धुमाळांच्या नातीला? मारिट, तू फोन कर त्या कोचला. तुझं नाव ऐकून सरळ होईल तो."

मारिट समोरच्या बाजूला बसली होती. उंच, पाठ ताठ, आणि जेवताना मन लावून जेवणारी. तिचं मराठी नीलिमाच्या हाताखाली तयार झालं होतं, आणि त्यातला 'ख' तर अस्सल होता, कारण तिच्या भाषेत तो लहानपणापासून घसा साफ केल्यासारखा येतो.

"नाही करणार, अहो बाबा," ती म्हणाली. 'अहो' हा शब्द आदराचा, एवढं तिला शिकवलं होतं. तो कुठे लावायचा हे शिकवायचं राहून गेलं होतं. "मी ईशाचा व्हिडिओ बघितला. कोच बरोबर आहे. ईशा समोर खूप चांगली नाही. मागे खूप चांगली आहे."

ईशाचे कान लाल झाले.

"मारिट," ऋतुराज हलकेच म्हणाला.

"काय? खरं आहे. आणि आई, अळूवडी एकदम छान. भात खारट आहे."

भात खारट होता. ते सगळ्यांना दोन घासांपूर्वीच कळलं होतं आणि सगळे ताकावर भागवत होते. नीलिमाने मीठ दोनदा घातलं ते त्या फ्लेक्सच्या नादात.

"ते काही असो," मुग्धा म्हणाली, "मला तर बरंच वाटतंय. सोडू दे तिला. मी इमर्जन्सीत नर्स आहे. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे लोक डब्यात दात घेऊन येतात. या शनिवारची मॅच खेळेल आणि मग बंद. अभ्यास आहे, कथक आहे."

"कथक मी सोडलं," ईशा म्हणाली.

"कधी?" मुग्धाने विचारलं.

त्याच क्षणी दारावरची बेल वाजली म्हणून ईशा वाचली.

वसुंधराताई ठाण्याला मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त होऊन, समुद्र ओलांडूनही मुख्याध्यापिकाच राहिल्या होत्या. त्यांनी छत्री झटकली, रेनकोट काढून ऋतुराजच्या हातात दिला, इथल्या माओरी पद्धतीने 'किया ओरा' म्हणून ईशाच्या गालाला हात लावला आणि जेवायचं नको म्हणत ताटावर बसल्या.

"शनिवारी मानपत्र मी वाचणार आहे," अळूवडी मोडत त्या म्हणाल्या. "तेव्हा थोडी माहिती हवी. बाकी सगळं मी लिहिलंय. लहानपण, जिद्द, परकी भूमी, सासरी मिळालेलं प्रेम. फक्त आकडा राहिलाय. आकडा असला की भाषणाला वजन येतं. तर मारिट, देशासाठी एकूण गोल किती?"

नीलिमा ताक आणायला उठली. ताक टेबलावरच होतं.

"शून्य," मारिट म्हणाली.

हा शब्द तिने इतका स्वच्छ उच्चारला की नीलिमाला स्वतःच्या शिकवण्याचा राग आला.

"हो, पण शून्याच्या आधी कोणता आकडा?" वसुंधराताईंनी विचारलं. "पाच? सात?"

"आधी काही नाही. फक्त शून्य. एकशे त्रेचाळीस सामने, शून्य गोल."

काशिनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जणू ऐकण्यात नाही, बघण्यात चूक झाली होती. "एकशे त्रेचाळीस सामन्यांत एकही नाही? चुकूनसुद्धा? कुणाच्या पायाला लागून वगैरे?"

"एकदा लागून गेला," मारिट म्हणाली. "पण आमच्याच गोलात."

ईशाने पहिल्यांदा मान वर केली.

"मग तुम्ही तिथे करत काय होता?" वसुंधराताईंनी विचारलं. प्रश्न शिक्षिकेचा होता, म्हणून मारिटने विद्यार्थिनीसारखं नीट उत्तर दिलं.

"घरी आम्ही चार बहिणी. मी लहान. तिघी गोल करायच्या, मग कोणीतरी मागे पाहिजे. मी मागे. मग क्लब, मग देशाची टीम. तिथे पहिल्या दिवशी कोचने विचारलं, पेनल्टी कॉर्नरला पहिली कोण पळणार? कोणीच हात नाही वर केला. मला वाटलं, खरंच प्रश्न आहे. मी केला."

"आणि?"

"आणि मग दहा वर्षं मीच पळाले."

नीलिमाला काही उमगेना. तिने तसं विचारलंही, कारण आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? तेव्हा मारिटने सांगितलं की पेनल्टी कॉर्नरला समोरची सगळ्यात जोरात मारणारी मुलगी गोलाच्या समोर उभी असते. तिला चेंडू मिळतो. आपण गोलाच्या रेषेवरून तिच्याकडे सुटायचं, तिने मारायच्या आत पोचायचं आणि स्टिक आडवी घालायची. चेंडू गाडीच्या वेगाने येतो. मोटरवेवरच्या गाडीच्या.

"तिच्याकडे पळायचं?" नीलिमाने विचारलं. "लांब नाही?"

"तिच्याकडेच."

"हे कोणाला सुचलं?"

"खूप जुनं आहे, आई. एक बोट मोडलं, एकदा जबडा. आणि दात तुला माहीत आहेत."

सहा वर्षांपूर्वीच्या बाथरूममधल्या शंकेचा आज असा निकाल लागला.

"पण जिंकलात ना शेवटी?" वसुंधराताईंनी आशा सोडली नव्हती. "मेडल आहे ना?"

"आहेत. एका फायनलला शेवटच्या मिनिटात कॉर्नर झाला त्यांना. मी पळाले, बॉल माझ्या स्टिकला लागून बाहेर गेला, आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो होता, आमचा गोल जिने केला तिचा. त्यात मागे माझं कोपर आहे."

ती हे सांगताना हसली, पण बाकी कुणी हसलं नाही. वसुंधराताईंनी फोन उघडला, मानपत्राकडे पाहिलं आणि तो परत मिटला. "कोपराचा सत्कार कसा करू, बाई मी?" त्या नीलिमाला म्हणाल्या. "छापून झालंय. आपण 'अनेक गोलांच्या साक्षीदार' असं म्हणू या का?"

"साक्षीदार तर मीही आहे," काशिनाथराव एकदम म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. नात बचावात गेल्याचा राग आणि सुनेच्या शून्याचा धक्का त्यांच्या पोटात एकत्र कालवला गेला होता. "मला एक सांगा, नुसतं धावत जाणं यात कला काय आहे? आमच्या वेळी मनगट होतं. ड्रिब्लिंग होतं. धावत काय कुत्रंसुद्धा जातं."

"बाबा," मुग्धा आणि ऋतुराज एकदमच म्हणाले. या दोन भावंडांचं लहानपणापासून कधी एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं.

मारिटने हात धुतले. शांतपणे रेनकोट घातला, बाहेर गेली आणि मुग्धाच्या गाडीतून ईशाची बॅग आणि दोन स्टिका घेऊन आली. तिच्या हातात स्टिक आहे, हे आधी ऋतुराजच्या लक्षात आलं. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

"अहो बाबा," ती म्हणाली, "गॅरेजमध्ये चला. तुम्ही मारा."

जेवणं अर्धी टाकून सगळं घर गॅरेजमध्ये गेलं. गाड्या बाहेर पावसात होत्या, त्यामुळे जागा होती. वॉशिंग मशीन आणि तांदळाचं पोतं यांच्यामधला भाग म्हणजे गोल, असं ठरलं. चेंडू टेनिसचा, हे मुग्धाने ठरवलं. मारिट मशीनजवळ उभी राहिली. काशिनाथराव दुसऱ्या टोकाला, दाराजवळ. त्यांनी स्टिक दोनदा फिरवून पाहिली, स्वेटरच्या बाह्या वर केल्या, आणि नीलिमाला वाटलं की एकाहत्तर वर्षांच्या आपल्या नवऱ्याच्या खांद्यांवरून खरोखरच काही वर्षं उतरली आहेत. ईशाने चेंडू त्यांच्याकडे ढकलला.

मारिट धावली, असं नीलिमाला पुढे कुणाला सांगताच आलं नाही. ती मशीनजवळ होती, आणि मग ती काशिनाथरावांजवळ होती. मधलं कुणी पाहिलं नाही. खाली वाकलेली, स्टिक जमिनीला घासत आणलेली, आणि चेहरा असा की नीलिमाने तो घरात, लग्नात, विमानतळावर कधी पाहिला नव्हता. काशिनाथरावांनी स्टिक मागे घेतली होती. ती पुढे आलीच नाही. त्यांनी ती टाकून दिली, बाजूला उडी मारली आणि रिसायकलिंगच्या पिवळ्या झाकणाच्या डब्याला मिठी मारून उभे राहिले.

चेंडू जागच्या जागी होता. मारिटने तो पायाने अडवला आणि म्हणाली, "सॉरी. लागलं का?"

"नाही," डब्याला धरून काशिनाथराव म्हणाले. श्वास जाग्यावर यायला त्यांना वेळ लागला. मग ते पोत्यावर जाऊन बसले.

"आमच्याकडे या जागेसाठी चिठ्ठ्या टाकायचे," ते अखेर म्हणाले. "पेनल्टी कॉर्नर झाला की पळणार कोण, याच्या चिठ्ठ्या. आणि ज्याचं नाव निघेल त्याच्या नेमकं पोटात दुखायचं. आमचा एक फुलबॅक होता, तो एकदा गेला सरळ. दुसऱ्यांदा त्याची आई मैदानावर आली आणि त्याला घरी घेऊन गेली." त्यांनी मान हलवली. "दहा वर्षं, म्हणालीस?"

"अकराला थोडी कमी."

"वसुंधराताई," काशिनाथराव म्हणाले, "शून्य लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."

"गोलसम्राज्ञीच्या खाली?" वसुंधराताईंनी विचारलं. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

इकडे ईशाने कुणालाही न विचारता काशिनाथरावांनी टाकलेली स्टिक उचलली होती. "मामी, हाऊ डिड यू स्टे सो लो?" ती म्हणाली. मग मामी-भाची वॉशिंग मशीनपाशी वाकून उभ्या राहिल्या आणि मारिट अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत सांगू लागली की चेंडूकडे बघून उशीर होतो. मारणारीच्या मनगटाकडे बघायचं, मनगट आधी बोलतं. मनगट हा शब्द ऐकून काशिनाथराव पोत्यावर सरसावून बसले.

मुग्धा दारात हाताची घडी घालून उभी होती. "हे सगळं छान आहे," ती म्हणाली, "पण माझ्या मुलीचे दात?"

"माझे दात मास्कच्या आधीचे आहेत," मारिट म्हणाली. "आता मास्क असतो, ग्लव्ह, गुडघ्याला पॅड. ईशा, दाखव आईला."

ईशाने बॅगेतून मास्क काढला. मुग्धाने तो उजेडात धरला, आतून बोटांनी दाबून पाहिला, पट्टे ओढले, वॉर्डातल्या नव्या उपकरणाकडे बघावं तसा उलटा करून बघितला. आत घामाचा वास आला तेव्हा नाक मुरडलं. "हा धुतेस कधी तू?" तिने विचारलं. ज्या अर्थी प्रश्न धुण्यावर आला, त्या अर्थी निम्मी लढाई संपली आहे, हे नीलिमाने ओळखलं. पण निम्मीच. "शनिवारी बघू," मुग्धा म्हणाली. "मला पटलं तरच पुढे."

"शनिवारी मीपण येते," मारिट म्हणाली.

"शनिवारी तुझा सत्कार आहे," ऋतुराजने आठवण करून दिली.

सगळ्यांनी नीलिमाकडे पाहिलं. नीलिमा म्हणाली, "मी चहा टाकते."

मारिट तिच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात आली. नीलिमाने आधण ठेवलं, आलं ठेचायला घेतलं. सून ताटं विसळू लागली. ही कामं त्या दोघी न बोलता करत, आणि नीलिमाला ते आवडे. आज मात्र तिला राहवलं नाही.

"तुला सत्कार नको आहे, हो ना? आधीच का नाही बोललीस? एरवी भाताचं मीठसुद्धा पोटात ठेवत नाहीस."

"तुला हवा होता," मारिट म्हणाली.

हे ऐकून नीलिमा आलं ठेचायची थांबली.

मारिटने नळ बंद केला. "आई, मला कोणी सांगितलंच नाही की माझा शेवटचा सामना शेवटचा आहे. मी खेळले, घरी गेले. नंतर एक दिवस सुपरमार्केटमध्ये होते तेव्हा कोचचा फोन आला. पुढच्या टीममध्ये नाव नाही. नवीन मुली आहेत, वेगवान आहेत. दोन मिनिटं बोलला. चांगला माणूस आहे तो."

"मग तू काय केलंस?"

"दूध घेतलं. चीज घेतलं. रांगेत उभी राहिले." तिने ताट पुसून ठेवलं. "जी गोल करते तिला फुलं देतात, मैदानाला एक चक्कर मारायला लावतात. मला ते पाहिजे होतं, असं नाही. म्हणजे थोडं पाहिजे होतं. पण आता शनिवारी शाल मिळेल ती मी नाही केलं त्याच्यासाठी. आणि जे केलं त्याच्यासाठी कोणी कधी काही नाही दिलं. ते मला जड जातं."

नीलिमाने आयुष्यभर बरीच भाषणं ऐकली होती, पण अशा वेळी उपयोगी पडेल असं त्यांत एकही वाक्य नव्हतं. चहा उतू जायला आला तसा तिने गॅस बारीक केला. मग ओल्याच हाताने सुनेच्या दंडाला धरलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांच्या आधी तिच्यापुढे कप ठेवला. त्याबरोबर उरलेल्या अळूवड्यांतली कडेची, कुरकुरीत वडी, जी या घरात काशिनाथरावांशिवाय आजवर कुणाला मिळाली नव्हती.

"हॅमिल्टनला निघायचं किती वाजता?" तिने विचारलं.

मग ती पदराला हात पुसत बाहेर गेली आणि वसुंधराताईंना म्हणाली, "ताई, शनिवारचं रद्द करा. आम्हाला हॅमिल्टनला जायचंय."

"अहो, छापून झालंय."

"गोल मीच वाढू दिले, ताई. छापणाऱ्याचा दोष नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाचा सत्कार करा."

वसुंधराताई दोन दिवस रुसल्या. पण मुख्याध्यापिकेला हॉल रिकामा ठेवता येत नाही. शनिवारी ती शाल आणि तो नारळ एका दंतवैद्यांना मिळाला. ते ऑकलंडची मॅरेथॉन पूर्ण धावले होते. फ्लेक्सवर त्यांचा फोटो मारिटवर डकवला होता, पण गोंद कमी पडल्यामुळे भाषण चालू असताना एका बाजूने नऊवारीचा काठ दिसू लागला, असं नंतर ग्रुपवर कळलं.

धुमाळ मंडळी त्या वेळी हॅमिल्टनच्या एका मैदानाच्या कडेला छत्र्या धरून उभी होती. आडवा पाऊस, बोचरं वारं. काशिनाथरावांनी त्या निळ्या प्लॅस्टिकच्या मैदानाला वाकून हात लावला, ओला हात शर्टाला पुसला आणि पुढे त्यावर काही भाष्य केलं नाही. मॅचआधी मारिट ईशापुढे गुडघ्यावर बसून तिचे पॅड घट्ट करत काहीतरी सांगत होती. ते कुणाला ऐकू आलं नाही. मुग्धाच्या पायाशी तिची इमर्जन्सीची पेटी होती, झाकण उघडून ठेवलेली. ऋतुराज सगळ्यांसाठी डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, सारण भरलेल्या पाई आणि कॉफी घेऊन आला, आणि कुठला संघ आपला, हे त्याने दोनदा विचारलं.

दोन्ही बाजूंना गोल झाला नाही. नीलिमाला तो खेळ पहिल्या अर्ध्या तासात फारसा कळला नाही. मुली इकडून तिकडे जात, आणि काशिनाथराव "मनगट, मनगट" असं पुटपुटत. मग अगदी शेवटी पंचाने हात केला आणि काशिनाथराव रेषेपर्यंत पुढे सरकले. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला होता.

ईशाने मास्क चढवला आणि ती गोलाच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. समोर एक दणकट मुलगी स्टिक घेऊन उभी होती. नीलिमाला वाटलं, आपण मैदानात जावं आणि नातीला हाताला धरून घरी न्यावं. खडकीच्या त्या फुलबॅकच्या आईचं काय चुकलं होतं? तिने मुग्धाकडे पाहिलं. मुग्धाने डोळे मिटले नव्हते. मारिटने तिचा हात धरला होता, आणि दोघींच्या हातांवर पाऊस पडत होता.

चेंडू बाहेर आला. ईशा सुटली. त्या मुलीकडेच.

आवाज असा झाला की पलीकडच्या झाडावरचे पक्षी उडाले. चेंडू ईशाच्या स्टिकवर आदळून बाजूला गेला, रेषेबाहेर, एका गाडीच्या चाकाशी. शिट्टी वाजली. मॅच संपली. ईशा जमिनीवर बसली होती. तिने मास्क काढला आणि तिचे सगळे दात दिसले, कारण ती हसत होती. मग तिच्या मैत्रिणी तिच्या अंगावर पडल्या.

काशिनाथरावांनी छत्री ऋतुराजकडे दिली, मारिटसमोर जाऊन उभे राहिले आणि खिशातून हात काढून तिच्याशी हस्तांदोलन केलं, खेळाडू खेळाडूशी करतो तसं. मारिटनेही हात मिळवला, आणि मग मान खाली घालून रेनकोटच्या बाहीने डोळे पुसले. मुग्धाने पेटीचं झाकण लावलं. "मास्क मात्र रोज धुवायचा," ती कुणालाही उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली.

तेवढ्यात शेजारी एक गोरी बाई धावत आली. तिची मुलगीही ईशाच्या संघात होती, आणि पाऊस वाढला म्हणून ती गाडीत जाऊन बसली होती. मैदानावरचा गलका बघून ती धापा टाकत नीलिमाला म्हणाली, "ओह नो, डिड आय मिस इट? हू स्कोअर्ड?"

नीलिमाने छत्री तिच्या डोक्यावर धरली. बाईला मराठी येत नाही, हे त्या वेळी तिच्या ध्यानातच आलं नाही.

"कुणीच नाही," ती सावकाश, अभिमानाने म्हणाली. "आमची ईशा होती ना तिथे."